विश्लेषण : शालेय पोषण आहारात पोट भरते, पोषण किती होते?

दुपारची सुट्टी झाली की जिल्हा परिषदेच्या शाळांच्या व्हरांड्यात ताटे घेऊन मुलांच्या रांगा लागतात. कधी मूगडाळ खिचडी, कधी मसालेभात, कधी वरण-भात. अनेक मुलांसाठी हे दिवसातले पहिले पोटभर जेवण असते, कारण घरातली मोठी माणसे सकाळीच मजुरीला गेलेली असतात. राज्यात पहिली ते आठवीचे कोटीच्या घरातील विद्यार्थी या योजनेत येतात. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांच्या ताटात अंडे आले आणि गेले. नाचणी सत्त्व आणि खीर आली, पण त्यात घालायच्या साखरेचा निधी बंद झाला. तांदूळ मात्र कायम आहे. या ताटातून मुलांना नेमके काय मिळते, काय मिळत नाही आणि ते कोण ठरवते, याचा हा आढावा.

योजना नेमकी काय आहे?

केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची योजना सुरू केली. सुरुवातीला महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांत शिजवलेले अन्न मिळत नव्हते. ठरावीक हजेरी असलेल्या मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेण्यासाठी दिला जाई. तो मुलाच्या पोटात किती जाई आणि घरातल्या डब्यात किती, हे कोणालाच सांगता येत नसे. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला आणि चित्र बदलले. शाळेतच शिजवलेले, किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले जेवण वर्षातून किमान २०० दिवस द्या, असे न्यायालयाने सांगितले. २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने या जेवणाला कायदेशीर हक्काचे रूप दिले. सप्टेंबर २०२१ मध्ये योजनेचे नाव ‘पीएम पोषण’ झाले. गावात आजही तिला ‘खिचडी’ म्हणूनच ओळखतात.

ताटात किती असायला हवे?

पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. त्यासाठी कच्च्या मालाचे प्रमाण ठरलेले आहे. लहान मुलासाठी तांदूळ १०० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम आणि तेल ५ ग्रॅम. मोठ्यांसाठी याच्या दीडपट.

हे प्रमाण पूर्ण होते की नाही, यावर तपासणीचा सगळा भर असतो. पण पोषणाच्या दृष्टीने खरा प्रश्न त्यापुढे सुरू होतो.

आकडा पूर्ण होतो, मग अडचण कुठे?

लहान मुलाच्या ताटाचा हिशेब मांडून पाहू. १०० ग्रॅम तांदळातून साधारण ३५० उष्मांक आणि साडेसात-आठ ग्रॅम प्रथिने मिळतात. २० ग्रॅम तूरडाळीतून ६५ ते ७० उष्मांक आणि चार-साडेचार ग्रॅम प्रथिने. पाच ग्रॅम तेलातून ४५ उष्मांक. म्हणजे भाजी न धरताच ४५० उष्मांक ओलांडले आणि १२ ग्रॅम प्रथिनेही जवळपास झाली. कागदावर ताट पूर्ण झाले.

मात्र यातली निम्म्याहून अधिक प्रथिने तांदळाची आहेत. सगळी प्रथिने शरीराला सारखीच उपयोगी पडत नाहीत. तांदळातल्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. डाळीत ते भरपूर असते, पण डाळीत जे कमी असते ते तांदळात मिळते. म्हणून वरण-भात ही जोडी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या टिकली. ही जोडी जमण्यासाठी डाळ पुरेशी लागते. मोठ्या पातेल्यात पाणी वाढले आणि डाळ पातळ झाली, की पोट तेवढेच भरते, उष्मांकांत फारसा फरक पडत नाही, पण प्रथिनांचा दर्जा घसरतो. वहीत त्याची नोंद कुठेच होत नाही.

दुसरी गोष्ट सूक्ष्म पोषक घटकांची. लोह, जस्त, ‘अ’ जीवनसत्त्व, फोलेट आणि बी-१२ यांची गरज उष्मांकांच्या हिशेबात दिसत नाही. केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ दरम्यान केलेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील ५ ते ९ वयोगटातील सुमारे २४ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. याच वयोगटात १७ टक्के मुलांमध्ये बी-१२ची कमतरता होती. १० ते १९ वयोगटात हे प्रमाण ३१ टक्क्यांवर गेले. बी-१२ वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच ते मिळते. खिचडी कितीही चांगली शिजवली तरी तिच्यातून ही उणीव भरून निघत नाही.

लोहाचेही तसेच आहे. पालेभाजी आणि कडधान्यातले लोह शरीर फार थोडे शोषून घेते. सोबत लिंबू, आवळा, टोमॅटो असे ‘क’ जीवनसत्त्वाचे काही असेल, तर शोषण वाढते. ताटात लिंबाची फोड असणे ही चैन नाही, हे त्यामुळे लक्षात यावे. कडधान्याला मोड आणल्याने लोह आणि जस्ताच्या शोषणात अडथळा आणणारे घटक कमी होतात. घराघरांत मटकी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले जातात, त्यामागे हेही शास्त्र आहे.

सहा रुपये ७८ पैशांत काय येते?

तांदूळ केंद्र सरकार भारतीय अन्न महामंडळामार्फत मोफत देते. डाळ, तेल, भाजी, मसाला, मीठ आणि इंधन यांसाठी प्रति विद्यार्थी प्रतिदिन ठरावीक रक्कम मिळते. १ मे २०२५ पासून ती प्राथमिकसाठी ६.७८ रुपये आणि उच्च प्राथमिकसाठी १०.१७ रुपये आहे. तिचा ६० टक्के भार केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. इतक्या पैशांत टपरीवर कटिंग चहाही मिळत नाही, हे वेगळे सांगायला नको.

तूरडाळ किलोला १२० रुपये धरली, तर २० ग्रॅमचे २.४० रुपये होतात. तेल १५० रुपये किलो धरले, तर पाच ग्रॅमचे ७५ पैसे. भाजी ४० रुपये किलो धरली, तर ५० ग्रॅमचे दोन रुपये. इथेच पाच रुपयांपेक्षा जास्त खर्च झाला. उरलेल्या दीड-पावणेदोन रुपयांत मसाला, मीठ आणि गॅस सिलिंडर बसवायचा. भाजी ८० रुपयांवर गेली, की सगळा हिशेब कोलमडतो आणि पहिली कात्री भाजीलाच लागते. डाळ, तेल बहुतेक ठिकाणी पुरवठादार पोहोचवतो. भाजी आणि इंधन मात्र गावातच, शाळेने घ्यायचे असते, अनेकदा आधी खिशातून आणि नंतर निधी येईल तेव्हा वळते करून.

दरवाढीची गतीही पाहण्यासारखी आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये प्राथमिकचा दर ५.४५ रुपये झाला आणि तो नोव्हेंबर २०२४ पर्यंत तसाच राहिला. मधल्या काळात, जुलै २०२३ मध्ये, टोमॅटोने शंभरी पार केली होती. १ डिसेंबर २०२४ पासून दर ६.१९ रुपये झाला आणि पाच महिन्यांनी ६.७८. ही वाढ ग्रामीण मजुरांसाठीच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या आधारे ठरते. निर्देशांक वर्षाचा असतो, बाजार आठवड्याचा.

यावर काही शाळांनी स्वतःचा मार्ग शोधला आहे. शाळेच्या आवारात परसबाग करून मेथी, पालक, शेवगा, टोमॅटो, कढीपत्ता पिकवायचा आणि पातेल्यात घालायचा. राज्यात परसबागांच्या स्पर्धाही होतात. जिथे पाणी, कुंपण आणि लक्ष घालणारे शिक्षक आहेत, तिथे हे चांगले चालते. मार्चनंतर टँकरवर अवलंबून असलेल्या गावात परसबाग कशी जगवायची, हा प्रश्न राहतोच.

अंडे आले आणि का गेले?

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला. शाकाहारी मुलांसाठी केळे किंवा स्थानिक फळ होते. एका अंड्यासाठी पाच रुपये ठरले. त्याच हिवाळ्यात बाजारात अंड्याचा भाव सहा-सात रुपयांवर गेला आणि फरक कोणी भरायचा, यावरून शाळांत कुरबुर सुरू झाली. काही पालकांनी आणि धार्मिक संघटनांनी अंड्याला विरोध केला. त्यानंतर शाकाहारी पालकांचे प्रमाण मोठे असलेल्या शाळांना सूट देण्यात आली.

जून २०२४ मध्ये ‘त्रिस्तरीय’ आहार आला. तांदूळ-डाळीचा मुख्य पदार्थ, मोड आलेली कडधान्ये आणि गोड म्हणून तांदळाची खीर किंवा नाचणी सत्त्व, अशी रचना होती. व्हेज पुलाव, मटार पुलाव, चवळी खिचडी, सोयाबीन पुलाव, मूग-शेवगा वरण-भात अशा १५ पाककृतींची यादी शाळांना देण्यात आली. कल्पना चांगली होती. रोजच्या पिवळ्या खिचडीला कंटाळून ताट अर्धे ठेवणाऱ्या मुलांना बदल हवाच होता. पण एकाच चुलीवर, दोन पातेल्यांत, शंभर-सव्वाशे मुलांसाठी तीन पदार्थ करायचे म्हणजे वेळ, इंधन आणि हात तिन्ही वाढवावे लागतात. ते वाढले नाहीत, अशी तक्रार शाळा आणि स्वयंपाकी महिलांकडून झाली.

२८ जानेवारी २०२५च्या शासन निर्णयाने अंडी आणि साखर यांसाठीचा स्वतंत्र निधी थांबवला. हा खर्च वर्षाला सुमारे ५० कोटी रुपये असल्याचे तेव्हा समोर आले. अंडा पुलाव, खीर, नाचणी सत्त्व हे पदार्थ ऐच्छिक झाले. शाळा व्यवस्थापन समितीने ते लोकसहभागातून द्यावेत, असे सांगण्यात आले.

लोकसहभाग हा शब्द ऐकायला छान आहे. वाढदिवसाला, पुण्यतिथीला शाळेत गोडधोड वाटणारे ग्रामस्थ आहेत आणि त्यांचे कौतुकच आहे. पण ज्या गावात देणारे आहेत तिथली मुले तुलनेने बऱ्या घरची असतात. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या पाड्यावर, जिथे अंड्याची गरज सर्वांत जास्त, तिथे वर्गणी कोण काढणार? स्वस्त आणि पोट भरणारा तांदूळ सरकारच्या हमीचा आणि महाग पण पोषण देणारे अंडे गावाच्या मर्जीवर, अशी ही उलटी विभागणी झाली आहे.

एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात, तीही सहज पचणारी आणि सर्व आवश्यक अमिनो आम्ले असलेली. शिवाय बी-१२, ‘अ’ जीवनसत्त्व, जस्त. भेसळ करता येत नाही, पाणी घालून वाढवता येत नाही आणि मोजायला तराजू लागत नाही. केळे चांगले फळ आहे, पण त्यात प्रथिने एक-सव्वा ग्रॅमच. पोषणाच्या दृष्टीने ते अंड्याची जागा घेऊ शकत नाही. अंडे न खाणाऱ्या मुलांसाठी दूध, शेंगदाणा चिक्की किंवा सोयाबीन हे अधिक जवळचे पर्याय आहेत. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनचे पीक शेतात उभे असते, तरी तिथल्या शाळेच्या ताटात ते क्वचितच दिसते.

इतर राज्यांना कसे जमते?

तामिळनाडूत शाळेतल्या जेवणाची परंपरा के. कामराज यांच्या काळापासून, १९५६ पासूनची आहे. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी तिचा मोठा विस्तार केला. तेव्हा ही उधळपट्टी असल्याची टीका झाली होती. आज तिथे शाळेच्या प्रत्येक दिवशी, म्हणजे आठवड्याला पाच अंडी मिळतात आणि नको असणाऱ्यांना केळे. नामक्कलसारखा अंडी उत्पादनाचा पट्टा राज्यात असल्याचा फायदा होतो, हे खरे. सप्टेंबर २०२२ पासून प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही सुरू झाली. हा सगळा जादाचा खर्च राज्य करते. सरकारे बदलली, पण अंडे ताटातून गेले नाही. तिथे तो निवडणुकीचा मुद्दाच होऊन बसला आहे.

कर्नाटकात सरकार आठवड्यातून दोन दिवस अंडी देत होते. २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाऊंडेशनने तीन वर्षांसाठी सुमारे १,५०० कोटी रुपयांची तयारी दाखवली आणि अंडी सहाही दिवसांची झाली. देणगीवर चालणारी व्यवस्था किती काळ टिकेल, ही शंका तिथेही आहे. तरी गावोगावच्या वर्गणीपेक्षा ती समान आहे. दाता कुठे राहतो यावर तिथल्या मुलाचे अंडे अवलंबून नाही.

पोषणयुक्त तांदूळ पुरेसा नाही का?

खिचडीत अधूनमधून वेगळा, किंचित पिवळसर, पाण्यावर तरंगणारा दाणा दिसतो आणि ‘प्लास्टिकचा तांदूळ’ आल्याची हाकाटी होते. तो प्लास्टिकचा नसतो. तांदळाच्या पिठात लोह, फोलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून तयार केलेला तो दाणा असतो. साध्या तांदळाच्या शंभर दाण्यांत असा एक, या प्रमाणात तो मिसळतात. स्वयंपाक करताना असे दाणे वेचून फेकले किंवा तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून पाणी ओतून दिले, तर उद्देशच संपतो.

पण या तांदळाची मर्यादा समजून घ्यायला हवी. प्रमाणानुसार एका किलोत २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे १०० ग्रॅममधून मुलाला तीन-चार मिलिग्रॅम मिळते. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची रोजची गरज १५ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. हातभार लागतो, हे नक्की. बी-१२च्या बाबतीत मात्र १०० ग्रॅम तांदळातून ०.१ मायक्रोग्रॅमच्या आसपासच मिळते. एक अंडे याच्या काही पट देते. रक्तक्षय केवळ लोहाच्या कमतरतेने होत नाही. प्रथिने, फोलेट, बी-१२, जंत, मलेरिया, सिकलसेल असे अनेक धागे त्यात असतात. तांदळाच्या एका दाण्यावर ही सगळी जबाबदारी टाकता येणार नाही.

स्वयंपाक कोण करते, तपासते कोण?

ग्रामीण भागात बहुतेक ठिकाणी बचत गटाच्या किंवा गावातल्याच महिला शाळेत स्वयंपाक करतात. शहरांत केंद्रीय स्वयंपाकगृहातून डबे येतात. केंद्राच्या निकषानुसार स्वयंपाकी-मदतनीसाला महिन्याला १,००० रुपये मानधन आहे, तेही वर्षातून दहा महिने. २००९ पासून हा आकडा बदललेला नाही. महाराष्ट्राने स्वतःची भर घालून ते २,५०० रुपयांपर्यंत नेले. दिवसाला शंभर रुपयांच्या आसपास. तांदूळ निवडणे, भाजी चिरणे, पाणी भरणे, वाढणे, भांडी घासणे आणि आता मोड आणणेही त्यातच. ताटाच्या दर्जाची चर्चा होते तेव्हा ही महिला सहसा आठवत नाही. धान्यात अळी सापडली की मात्र पहिली नोटीस तिला आणि मुख्याध्यापकांना येते.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन येथे शाळेतल्या जेवणातून कीटकनाशकाची विषबाधा होऊन २३ मुले दगावली. त्यानंतर देखरेख कडक झाली. सप्टेंबर २०१५च्या नियमांनुसार मुलांना वाढण्यापूर्वी एका शिक्षकासह दोन-तीन प्रौढांनी जेवण चाखणे आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुने तपासणे आवश्यक आहे. जेवण मिळाले नाही, तर मुलाला अन्न सुरक्षा भत्त्याचा हक्क आहे. हा शेवटचा नियम फारच थोड्या पालकांना माहीत असतो. चव नोंदवही मात्र प्रत्येक शाळेत असते आणि तिच्यात जवळजवळ रोज ‘चव चांगली’ असेच लिहिलेले आढळते.

याचा खरेच परिणाम होतो का?

होतो, आणि तो अपेक्षेपेक्षा लांबचा आहे. २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९९३ ते २०१६ या काळातील देशव्यापी माहिती तपासली गेली. लहानपणी शाळेत पूर्णपणे या जेवणाचा लाभ मिळालेल्या मुली पुढे आई झाल्या, तेव्हा त्यांच्या मुलांची वयानुसार उंची, असा लाभ न मिळालेल्या मातांच्या मुलांपेक्षा लक्षणीय चांगली होती. फरक ०.४ प्रमाण विचलनाचा होता. या मुली जास्त शिकल्या, उशिरा आई झाल्या, त्यांना मुले कमी झाली आणि त्यांनी आरोग्यसेवेचा वापर अधिक केला, अशी कारणे संशोधकांनी मांडली. आंध्र प्रदेशात झालेल्या आधीच्या अभ्यासात, दुष्काळाने खुंटलेली मुलांची वाढ शाळेतल्या जेवणाने भरून निघत असल्याचे दिसले होते. हे परिणाम तांदूळ-डाळीच्या साध्या ताटाचे आहेत, हे विशेष.

महाराष्ट्रासाठी हे महत्त्वाचे, कारण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आहेत. कृशतेत राज्य देशाच्या १९.३ टक्के या सरासरीपेक्षाही मागे आहे. हीच मुले एक-दोन वर्षांत पहिलीच्या वर्गात येतात. त्याच सर्वेक्षणात राज्यातील १५ ते १९ वयोगटातील ५७.२ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. वाढीच्या आणि पाळी सुरू होण्याच्या वयात लोहाची गरज सर्वाधिक असते. पण योजना आठवीपर्यंतच आहे. जूनमध्ये नववीच्या वर्गात बसलेल्या मुलीला दुपारची सुट्टी तीच असते, शाळाही अनेकदा तीच असते. रांगेत मात्र तिला जागा नसते.